लई शांत हाय वो इथं

रात्री 2 वाजता बेड 7 चे काका टक्क जागे. "सिस्टर, लई शांत हाय वो इथं. झोप येत न्हाई."

काकांचं आयुष्य यंत्रमागाच्या आवाजात गेलेलं. कोपऱ्यातला खडखडणारा पंखा, ज्याची सगळा वॉर्ड तक्रार करतो, तो ओढून त्यांच्या उशाशी लावला. दहा मिनिटांत घोरायला लागले!

सकाळी हँडओव्हर झाल्यावर सीनियर सिस्टरना एम.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म दाखवला. बी.एस्सी. आहे, वर्षाचा अनुभव झालाय, कोर्स 2 वर्षांचा. प्रश्न विषयाचा. मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती, सामुदायिक, मानसिक आरोग्य.

मी शेवटच्यावर बोट ठेवलं.

"मानसिक? वेडी झालीस का गं?" आणि स्वतःच हसल्या. मीही हसले. (ड्यूटीवरून सुटताना वाद कोण घालणार?) त्यांचंही चूक नाही म्हणा. मेडिकल-सर्जिकल घेऊन आयसीयूचा अनुभव असला की परदेशात नोकरी पटकन मिळते. घरचेही तेच सांगतात.

पण सात रस्ता चौकापर्यंत रिक्षात तो पंखाच डोक्यात फिरत होता. काकांना झोपेची गोळी लिहिलेली होती, द्यावीच लागली नाही. हे नेमकं कुठल्या विषयात शिकवतात?

फॉर्मचा रकाना अजून कोराच आहे. कुणी मानसिक आरोग्य घेतलंय का? खरं सांगा, पस्तावलात?