कोलिमा कुत्रा क्र. ४ : पोपडे थांबले!

पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाच्या प्राचीन थडग्यांत मातीचे गुबगुबीत लाल कुत्रे सापडतात. मी त्यांच्या प्रतिकृती करतेय. चौथा कुत्रा काल भट्टीतून अख्खा निघाला, आणि पाठीवर एकही पोपडा नाही.

तिसऱ्याचे फोटो तुम्ही पाहिलेत. मानेपासून शेपटीपर्यंत लाल थर सालीसारखा सुटला होता. दोन महिने मी आचेला दोष देत होते. चूक होती घोळात, म्हणजे अंगावर चढवायच्या पातळ मातीच्या लेपात. शाडूत गेरू कालवून केलेला घोळ अंगाच्या मातीपेक्षा वेगळा आकसतो, आणि मी तो जवळजवळ सुकलेल्या अंगावर चढवत होते. धरणार कसा? यावेळी अंगाचीच माती पाण्यात ढवळली, जाड कण खाली बसू दिले, वरचं गढूळ पाणी काढून आटवलं आणि त्यात गेरू घातला. अंग लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट सुकून कातड्यासारखं घट्ट असतानाच तीन पातळ हात दिले, मग गारगोटीने घोटलं. दुसऱ्या दिवशी चकाकी उतरलेली, कारण माती अजून आकसतच होती. पुन्हा घोटलं. तिसऱ्या घोटाईनंतर नाकाच्या शेंड्यावर खिडकीची चौकट दिसली! आच ८०० अंशांवर थांबवली. फार चढवली की चकाकी मरते.

गेरू मात्र ढेकळाचाच घ्या, कुटून वस्त्रगाळ करा. ऑनलाइन मागवलेली पूड भाजल्यावर फिकी पडली.

लालसाठी एवढा आटापिटा का? १६व्या शतकात साहागुन या स्पॅनिश पाद्र्याने मध्य मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांकडून टिपून ठेवलंय : मृताला नदीपार नेतो तो पिवळसर-तांबूस कुत्रा. बाकीचे नकार देतात. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलं. काळा म्हणतो, मी आत्ताच काळा माखलो. कोलिमाची विवर-थडगी (उभं विवर खणून तळाशी केलेली) साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ३०० मधली, त्यामुळे ही कथा तिथे जशीच्या तशी चिकटवायला मन धजत नाही. कुत्री खाल्लीही जात, म्हणून काही अभ्यासक या गुबगुबीत मूर्तींना मृताची शिदोरी मानतात. मला वाटाड्याच जास्त पटतो. शिदोरी सोबत चालत नाही.

आता मूळ मूर्तींवरचे काळे डाग रंगवायचे होते, पण लिहितानाच बेत बदलला. ते मॅंगनीजचे डाग मूर्ती जमिनीत गाडलेल्या असताना चढलेत. ज्यांनी मूळ कुत्रा मृताशेजारी ठेवला, त्यांनी लालभडकच ठेवला असणार. क्र. ४ तसाच राहील.

त्याऐवजी क्र. ५ माणसाचा मुखवटा घातलेला करते. मुखवटा आणि थोबाड यांच्यामधल्या पोकळीत वाफ कोंडेल, ही धास्ती आहे. हनुवटीखाली सुईने भोक पाडून बघते.