जो काही देत नाही, त्याच्यापुढे हात का जोडता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला शेजारच्या काकूंनी विचारलाय, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलाय, महावीर जयंतीची मिरवणूक बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलाय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दा तोच असतो: तुम्हा जैनांचे तीर्थंकर नवसाला पावत नाहीत, कोपत नाहीत, पाप माफ करत नाहीत, जगही त्यांनी निर्माण केलेलं नाही. मग रोज देवळात जाऊन तुम्ही करता काय?

यातलं एकेक वाक्य खरं आहे. आमच्या मानण्याप्रमाणे जग कुणी घडवलेलं नाही, त्यामुळे ते चालवणाराही कुणी नाही. तीर्थंकर मोक्षाला गेले की त्यांचा या संसाराशी संबंध संपतो. मी हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत जात नाही आणि गेली तरी ते उठून येणार नाहीत. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो, जणू आमचं काहीतरी हरवलंय. मला मात्र आमच्या धर्मातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

आधी तीर्थंकर म्हणजे कोण, ते बघू. पुष्कळांना वाटतं की महावीरांनी जैन धर्म स्थापन केला. महावीर चोविसावे. पहिले ऋषभदेव, त्यांनाच आदिनाथ म्हणतात. तेविसावे पार्श्वनाथ, परंपरेनुसार महावीरांच्या अडीचशे वर्षं आधीचे. महावीरांचे आईवडील पार्श्वनाथांचेच अनुयायी होते, असं आगमात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मग्रंथांत, येतं. आणि हे चोवीसही जण माणसं. आईच्या पोटी जन्मलेली, भूक-तहान लागणारी, बहुतेक राजघराण्यांतली. कुणी देवलोकातून आमच्या उद्धारासाठी अवतार घेतला, असं आम्ही म्हणत नाही. कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आलेले लोक त्या २८ फुटी मूर्तीला तीर्थंकर समजतात, पण बाहुबली तीर्थंकर नव्हेत. ते ऋषभदेवांचे पुत्र. केवलज्ञान मिळवून मोक्षाला गेले.

इथेच खरा फरक आहे. केवलज्ञान, म्हणजे ज्याच्यापलीकडे जाणायचं काही उरत नाही असं ज्ञान, ते असंख्य जीवांना झालं. ते सगळे मुक्त झाले. तीर्थंकर त्यांतले थोडे: जे ज्ञान झाल्यावर सभेत बसून सांगतात आणि साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चार पायांचा संघ उभा करून जातात. मुक्तीत बाहुबली आणि महावीर यांच्यात तसूभर फरक नाही. फरक शिकवण्यात आहे. तीर्थंकर म्हणजे पोचलेला शिक्षक, असं मी माझ्यापुरतं समजते.

महावीरांचंच घ्या. तिसाव्या वर्षी वैशालीजवळच्या कुंडग्रामातलं घर सोडलं. बारा वर्षं तप केलं, बहुतेक मौनात. बेचाळिसाव्या वर्षी ऋजुकूला नदीच्या काठी, सालवृक्षाखाली केवलज्ञान झालं. आता उपदेश सुरू होणार म्हणून सभा भरली, ज्याला आम्ही समवसरण म्हणतो. दिगंबर आणि श्वेतांबर या आमच्या दोन परंपरांपैकी दिगंबर परंपरा सांगते की महावीर ६६ दिवस बोललेच नाहीत. सगळं जाणणारा समोर बसलाय, ऐकायला देव, माणसं, पशुपक्षी जमलेत आणि वाणी खिरत नाही. कारण ती झेलून इतरांपर्यंत नेईल असा शिष्यच तिथे नव्हता.

मग इंद्रभूती गौतम आला. मगधातला वेदविद्येत पारंगत ब्राह्मण, पाचशे शिष्यांचा गुरू. तो शिकायला आलाच नव्हता, वाद घालायला आला होता. समवसरणाच्या दारातला मानस्तंभ बघून त्याचा अभिमान गळाला, असं पुराण सांगतं. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी बस्तींपुढे, म्हणजे जैन मंदिरांपुढे, दगडी मानस्तंभ असतो, तो यासाठीच. राजगृहाच्या विपुलाचल पर्वतावर महावीरांचा पहिला उपदेश झाला, तो दिवस आपल्या पंचांगात आषाढ वद्य प्रतिपदेला येतो. त्याला वीरशासन जयंती म्हणतात आणि आदल्या दिवशी गुरुपौर्णिमा असते. महावीर जयंतीला सगळं गाव मिरवणुकीत असतं, या दिवसाची आठवण मात्र फार थोड्यांना असते. मला तो जन्मदिवसापेक्षा मोठा वाटतो. सर्वज्ञालाही शिष्यासाठी थांबावं लागलं, हे आमच्या लोकांनी लपवलं नाही, सणात घातलं.

गौतमाची गोष्ट इथे संपत नाही. तो महावीरांचा पहिला गणधर, म्हणजे पट्टशिष्य, झाला, अकरा गणधरांतला मुख्य. श्वेतांबर परंपरेत पुढचा भाग फार हृद्य सांगतात. गौतमाने दीक्षा दिलेल्यांना केवलज्ञान होत गेलं आणि गौतमाला होईना. कारण? महावीरांवरची माया. एवढा मोठा ज्ञानी, पण गुरूला सोडवत नव्हता. महावीर बहात्तराव्या वर्षी पावापुरीला निर्वाणाला गेले, त्या वेळी गौतम जवळ नव्हता. दुसऱ्या गावी एकाला उपदेश करायला महावीरांनीच त्याला पाठवलं होतं. बातमी कळल्यावर तो रडला, रुसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की ज्याची आसक्तीच संपलीय त्या वीतरागाला कोण आपलं आणि कोण परकं? तिथेच त्याचा धागा तुटला आणि त्याला केवलज्ञान झालं. ती आश्विन अमावास्या. म्हणून दिवाळीला पहाटे आम्ही मंदिरात निर्वाणलाडू चढवतो आणि संध्याकाळी गौतमाच्या ज्ञानाचे दिवे लावतो.

देवावरचं प्रेमसुद्धा शेवटी वाट अडवतं, असं सांगणारा देव मला तरी दुसरीकडे भेटलेला नाही. म्हणूनच त्याच्याशी देवाणघेवाणीचा हिशेब ठेवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग णमोकार मंत्र कशासाठी म्हणता? तो जरा नीट ऐका. णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं, णमो आयरियाणं, णमो उवज्झायाणं, णमो लोए सव्वसाहूणं. त्यात महावीरांचं नाव नाही, ऋषभदेवांचं नाही, कुणाचंच नाही. काही मागणंही नाही. पाच प्रकारच्या थोर जीवांना फक्त नमस्कार आहे. आणि क्रम बघा: अरिहंत म्हणजे केवलज्ञान झालेले पण अजून देहात असलेले. सिद्ध हे अरिहंतांपेक्षा वरचे, कारण त्यांचा देहही सुटलेला. तरी पहिला नमस्कार अरिहंतांना, कारण सिद्ध आहेत हे आम्हाला अरिहंतांनी सांगितलं. शिकवणाऱ्याचा मान पहिला.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आचार्य समंतभद्रांनी शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. त्यांनी चोवीस तीर्थंकरांची स्तुती रचली. बारावे वासुपूज्य, त्यांच्या स्तुतीत ते म्हणतात: न पूजयार्थस्त्वयि वीतरागे, न निन्दया नाथ विवान्तवैरे. नाथा, तू वीतराग, तुला माझ्या पूजेशी कर्तव्य नाही. वैर तू ओकून टाकलंस, तेव्हा निंदेशीही नाही. आणि लगेच पुढे: तथापि ते पुण्यगुणस्मृतिर्नः पुनाति चित्तं दुरिताञ्जनेभ्यः. तरीही तुझ्या गुणांची आठवण आमच्या चित्तावरची पापाची काजळी धुऊन काढते. पूजा होते ती पूजा करणाऱ्यावर. तत्त्वार्थसूत्र या आमच्या सूत्रग्रंथाच्या आरंभी म्हणतात त्या श्लोकाचा शेवटही असाच आहे: वन्दे तद्गुणलब्धये. त्याचे गुण मला मिळावेत म्हणून वंदन करतो. मागणं असेल तर एवढंच, आणि तेही आपलं आपण कमवायचं.

अष्टद्रव्याची पूजा बघितलीत तर हे डोळ्यांना दिसतं. पाणी वाहताना म्हणायचं, जन्म-जरा-मृत्यू नाहीसे व्हावेत म्हणून. फूल वाहताना, कामबाणाचा विध्वंस व्हावा म्हणून. नैवेद्य दाखवताना म्हणतात, क्षुधारोगविनाशनाय. देवाला भूक लागली म्हणून नैवेद्य नाही. भूक हाच रोग आहे, तो माझा जावा म्हणून मी हे सोडतेय. म्हणून तर आमच्या मंदिरात प्रसाद मिळत नाही. मैत्रिणी पहिल्यांदा आल्या की हात पुढे करून उभ्या राहतात, आणि मला दर वेळी सांगावं लागतं की वाहिलेलं आम्ही परत घेत नाही. सोडलं ते सोडलं. अभिषेकाचं पाणी, गंधोदक, तेवढं कपाळाला लावतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुम्हीच उद्या बोट दाखवाल. जैन लोक मागत नाहीत का? मागतात. आमच्या भागातून गाड्या भरभरून कर्नाटकातल्या हुंबजला पद्मावतीच्या दर्शनाला जातात. मुलीचं लग्न जमू दे, कोर्टाचा निकाल लागू दे, ही मागणी तिथे होतात. पद्मावती तीर्थंकर नाही. ती पार्श्वनाथांची यक्षी, म्हणजे त्यांच्या सेवेतली शासनदेवता. संसारातच आहे, म्हणून भक्ताचं ऐकेल अशी श्रद्धा. काही साधू आणि पंडित यावर फार कडक बोलतात. मला तो कडकपणा पटत नाही. घाबरलेल्या माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. पण मागायला आलेली बाईसुद्धा आधी पार्श्वनाथांपुढे वाकते आणि त्यांच्याकडे काही मागत नाही. दोन्हीकडे ती एकच बाई असते आणि तिला फरक पक्का ठाऊक असतो.

पार्श्वनाथांचीच कथा घ्या. ध्यानाला बसलेले असताना जन्मोजन्मीचा वैरी कमठ त्यांच्यावर तुटून पडला. वादळ, पाऊस, दगडधोंडे. नागराज धरणेंद्राने येऊन डोक्यावर फणा धरला. वेरूळच्या जैन लेण्यांत, ३० ते ३४ क्रमांकांच्या, हा प्रसंग कोरलेला आहे. बहुतेक लोक कैलास लेणं बघून दमतात आणि तिथपर्यंत जात नाहीत, जा. चहूबाजूंनी हल्लेखोर, वर नागाची छत्री आणि मधली आकृती तशीच सरळ. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी या प्रसंगाचं मर्म सांगितलंय: कमठ आणि धरणेंद्र दोघंही आपापल्या स्वभावाला साजेसं वागत होते, आणि पार्श्वनाथांचं मन दोघांविषयी सारखं होतं. मारणाऱ्याविषयी राग नाही, इथवर आपण समजू शकतो. वाचवणाऱ्याविषयीही वेगळी ओढ नाही, हे पचायला मला बरीच वर्षं लागली.

वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मलाही मागावंसं वाटलं. आई बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, "आई, काहीतरी माग ना गं." ती म्हणाली, "मागून कुणाचं कर्म चुकलंय बाळ? तू म्हण माझ्याबरोबर." आम्ही रात्रभर णमोकार म्हणत होतो. त्याने आजार गेला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी आणि वडिलांच्या आयुष्यबळाने तो गेला. पण सकाळी कागदांवर सह्या करताना माझा हात थरथरला नाही. एवढं मी माझ्या अनुभवाने सांगू शकते.

आणि माफीचं. तीर्थंकर माफ करत नाहीत, हे तुम्हाला सगळ्यात कोरडं वाटतं ना? त्याचा परिणाम काय होतो, ते आमच्या घरात घडलेलं सांगते. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले की अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणी येते. श्वेतांबर लोक त्यांच्या संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतात, तसंच. ज्याचा अपराध केला त्याच्याकडेच जाऊन क्षमा मागायची. देवाकडे मागून सुटका नाही, कारण तिथे माफी देणारं कुणी बसलेलंच नाही. वडिलांचं आणि धाकट्या काकांचं उसाच्या रानातल्या बांधावरून बोलणं बंद होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिलीच क्षमावाणी आली. वडील काठी टेकत काकांच्या दारात गेले. काकू पाणी घेऊन बाहेर आली, तशी काका आतून म्हणाले, "दादाला खुर्ची दे आधी." वडिलांनी उभ्यानेच हात जोडले. काकांनीही जोडले. बांधाचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. पुढच्या महिन्यात काढला, तेव्हा पुन्हा आवाज चढले, पण दोघं एकाच गाडीवरून मोजणीच्या ऑफिसला गेले.