मुलीचा न्यू जर्सीतल्या हायस्कूलमधला प्रवेश आणि पत्त्याच्या पुराव्याचा घोळ

पुण्याहून मध्य न्यू जर्सीत येऊन आता बरेच महिने झाले. मुलगी दहावीत छान रुळली आहे. तरी शाळेच्या नोंदणी कार्यालयाची ती खिडकी आठवली की माझं डोकं आजही तापतं. आपल्याकडून येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हाच त्रास होतो आणि नियम माहीत नसल्यामुळे ती मुकाट्याने ऐकून घेतात, म्हणून सविस्तर लिहितेय. गावाचं नाव देत नाही. नियम राज्याचा आहे, तो सगळ्या गावांना सारखाच लागू आहे.

जन्मदाखला, पासपोर्ट, ऑनलाइन फॉर्म यात काहीच अडलं नाही. अडलं ते पत्त्यावर.

आम्ही राहतो ते घर माझ्या नणंदेचं, म्हणजे ताईंचं आहे. वरचा मजला त्यांनी आम्हाला दिला, आणि आम्ही तिथेच राहायचं हे येण्याआधीच ठरलेलं होतं. त्यामुळे भाडेकरार नाही, वीज आणि गॅसची बिलं ताईंच्या यजमानांच्या नावावर. आम्ही ताईंचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, आमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, ताईंच्या घराचं मालमत्ता कराचं बिल, आमच्या नावाने त्या पत्त्यावर आलेलं बँकेचं आणि नवऱ्याच्या कंपनीचं पत्र, एवढं सगळं घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी एक छापील यादी पुढे केली. तिच्यात भाडेकरार किंवा घराचं खरेदीखत यावर खूण होती आणि त्याखाली पालकांच्या नावाचं विजेचं बिल. ही दोन असतील तरच फाइल पुढे जाईल, म्हणाल्या. कनेक्शन घरमालकाच्या नावावर असताना बिल माझ्या नावाने कसं येणार, असं विचारलं तर त्यांनी पुन्हा तीच यादी दाखवली.

पुढच्या खेपेला दुसरं कोणीतरी होतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र चालेल असं सांगितलं, पण ते शाळेच्याच नमुन्यात हवं. नमुना घेऊन नोटरी करून नेला, तर खिडकीत पुन्हा पहिल्याच बाई, आणि पुन्हा भाडेकरार. मग व्हिसाच्या कागदाची प्रत मागितली. ऑगस्ट संपत आला होता. शेजारच्या मुलांची वेळापत्रकं आली, मार्चिंग बँडचा सराव तर केव्हाच सुरू झाला होता, आणि माझी मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "आई, झालं का?" तिच्या डोळ्यांत बघवत नसे. ताईंना तर वाटायला लागलं की आपल्याच घरात काही बेकायदा चाललंय.

त्या कार्यालयाबाहेर बसायला एक लांब बाक आहे आणि समोरच्या भिंतीवर दरवर्षी पास होऊन गेलेल्या मुलांचे सामूहिक फोटो. प्रत्येक चौकटीत नखाएवढे चेहरे, खाली आडनावं. वाट बघताना मी ते सगळे वाचून काढले. साठच्या दशकातल्या चौकटींत इटालियन, पोलिश, आयरिश आडनावं, मुलांचे केस चापून बसवलेले, मुलींच्या गळ्यात मोत्यांच्या माळा. ऐंशीच्या दशकात कुठेतरी पहिला पटेल. मग शाह, राव, चेन, किम. अलीकडच्या एका चौकटीत तीन कुलकर्णी एका ओळीत. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटे काढून टाकले तेव्हा आशियातून शिकलेली माणसं यायला लागली, त्यातली बरीच न्यूयॉर्कला रेल्वेने जाता येईल अशा या पट्ट्यात स्थिरावली. त्याआधी इथे शेतं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना घरकर्जं मिळाली, १९५१ मध्ये टर्नपाइक, म्हणजे राज्यभर जाणारा टोलचा महामार्ग, सुरू झाला, शेतांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्या घरांतल्या मुलांसाठी अशी हायस्कुलं बांधली गेली.

पत्त्यावरून एवढी ताणाताणी का, हे मला ताईंच्या कराच्या बिलावरून कळलं. त्या बिलात निम्म्याहून जास्त रक्कम शाळांसाठी होती. इथे शाळा चालते ती मुख्यतः गावातल्या घरांवरच्या करावर, आणि न्यू जर्सीत असे सहाशेच्या आसपास वेगवेगळे शालेय जिल्हे आहेत. आपल्याकडे जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे केवढा तरी मुलूख येतो, इथे कित्येकदा एक गाव म्हणजे एक जिल्हा. म्हणून मूल खरंच त्याच गावात राहतं ना, याची शाळेला एवढी काळजी. हायस्कूलसाठी लोकांच्या कराचा पैसा वापरता येईल का, यावरही पूर्वी भांडणं झाली. मिशिगनमधल्या कॅलामझूच्या खटल्यात १८७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने होय म्हटलं आणि तो निकाल देशभर आधाराला घेतला गेला. न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ पासून लिहिलेलं आहे की पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शाळांची सोय राज्याने करायची. त्यावरून १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध काहिल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरांच्या करावर विसंबलेली ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशाची सोय करेना, तेव्हा न्यायालयाने १ जुलै १९७६ पासून शाळांवर खर्च करायलाच मनाई केली. काही दिवसांतच राज्याचा आयकर मंजूर झाला! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्या राज्याने मुलांच्या शाळेसाठी इतकं ताणून धरलं, तिथे माझ्या मुलीला विजेच्या बिलावरून कोणी बाहेर बसवू शकत नाही, याची खात्री पटली.

आणि खरंच नाही बसवू शकत. राज्याच्या प्रशासकीय नियमावलीत विद्यार्थ्याच्या रहिवासाबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, ६ए:२२. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. शाळेने सगळे कागद एकत्र पाहून निर्णय घ्यायचा, अमुक एकच कागद आणा अशी अट घालून प्रवेश अडवायचा नाही. प्रतिज्ञापत्रं हाही पुरावाच आहे. स्थलांतराच्या दर्जावर प्रवेश अवलंबून नाही, एफ-१ व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट तेवढी वेगळी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुराव्याबद्दल शंका असली तरी मुलाला आधी वर्गात घ्यायचं, वाद नंतर. नकार द्यायचा तर लेखी द्यायचा आणि पालकांना राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे २१ दिवसांत अपील करता येतं. अपील चालू असताना मूल शाळेत जात राहतं. मात्र अपील हरलात तर तेवढ्या दिवसांची फी भरावी लागू शकते, म्हणून खोटा पत्ता चुकूनही देऊ नका. शाळा घरी येऊन चौकशी करते.

हे सगळं मी छापून नेलं आणि खिडकीशी शांतपणे एवढंच म्हणाले, की नकार असेल तर मला लेखी द्या, अपिलाच्या माहितीसकट. बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने एक वरिष्ठ गृहस्थ बाहेर आले, त्यांनी फाइल उभ्याउभ्याच चाळली आणि म्हणाले, सोमवारी पाठवा. इतक्या आठवड्यांचं काम तिथे संपलं! बाहेर पार्किंगमध्ये येऊन मी ताईंना फोन केला तेव्हा माझा आवाज कापत होता.

तोंडी बोलण्यावर विसंबू नका. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी ईमेल करा : आज अमक्या वेळी अमुक कागद दिले, अमुक उत्तर मिळालं. माझ्या फाइलमध्ये त्या ईमेल होत्या म्हणूनच ते गृहस्थ इतक्या लवकर तयार झाले, असं माझं ठाम मत आहे.

लसींचं आधी सांगायला हवं होतं, कारण ते पुण्यातच उरकता येतं. सहावीपासून पुढच्या मुलांना इथे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची) या लसी लागतात. आपल्याकडे शाळेत देतात ती टीडी वेगळी, आणि मेनिंगोकोकल सहसा दिलेलीच नसते. डॉक्टरांकडून सगळ्या तारखा महिना अक्षरांत लिहून नव्याने पत्र घ्या. कार्डावर ०५/०८ असं असेल तर इथे तो ८ मे धरतात. परदेशातून येणाऱ्या मुलांना जुन्या नोंदी आणायला ३० दिवसांची सवलत मिळते, ती मागून घ्या.

नववीची गुणपत्रिका समुपदेशकांनी नीट वाचली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. हायस्कूल पूर्ण करायला १२० क्रेडिट, म्हणजे विषय पुरा केल्यावर जमा होणारे गुण, लागतात. त्यातला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षांचा असतो आणि तो इथेच करावा लागतो, त्यामुळे पहिल्याच वेळापत्रकात तो आहे ना ते बघा. मराठीचे गुण त्यांनी परकीय भाषेच्या खात्यात धरले. त्यासाठी मी अभ्यासक्रमाची पानं इंग्रजीत करून दिली होती. गणितात मात्र तिला खालच्या वर्गात घालत होते. प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, मागा, आपली मुलं ती सहज देतात.

शाळा प्रवेशानंतर जी कळते ती फार मोकळी आहे. शुक्रवारी रात्रीच्या अमेरिकन फुटबॉलला अख्खं गाव लोटतं, १९७२ ला पास झालेले आजोबा नातवाबरोबर शाळेचं जॅकेट घालून बसलेले असतात. माझी मुलगी बँडमध्ये झांजा वाजवते. पुण्यात ढोलताशा पथकात ती ताशा वाजवायची, ताल पक्का होता, बँडच्या सरांनी पहिल्याच दिवशी घेतलं.

शालेय मंडळाच्या निवडणुकीत आम्हाला मत नाही, कारण नागरिकत्व नाही. पण मंडळाच्या सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मी ऑक्टोबरच्या सभेला गेले, नाव पुकारल्यावर माइकपाशी उभी राहिले आणि ती छापील यादी वाचून दाखवली, मग नियम वाचून दाखवला. मंडळातल्या एका सदस्याने वकिलांचं मत मागवलं. आता यादीच्या खाली एक ओळ आली आहे, की यांपैकी कागद नसल्यास इतर पुरावे आणि प्रतिज्ञापत्रं विचारात घेतली जातील. तुमच्या गावच्या यादीत ती ओळ नसेल तर सभेची तारीख बघून ठेवा.

आणि हो, क्षयरोगाची चाचणी राहिलीच. भारतातून येणाऱ्या मुलांना ती मागतात. हातावर टोचून करतात ती बीसीजीमुळे कित्येकदा पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचा एक्सरे वगैरे मागे लागतं. रक्तावरची आयजीआरए चाचणी करून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, आणि ती चालते.