वीस चिंचोके आणि बिलांची पिशवी

लातूरकडच्या एका गावात मे महिन्यात आमचा सर्व्हे चालू होता. यंदाच्या पावसाबद्दल शेतकऱ्याला काय वाटतं आणि त्यावरून तो पेरणीचं काय ठरवतो, हा विषय. टक्केवारीत विचारलं की उत्तर हमखास 'फिफ्टी-फिफ्टी' येतं. म्हणून आम्ही वीस चिंचोके देतो. ज्या नक्षत्रात पेरणीजोगा पाऊस होईल असं जास्त वाटतं, त्या चौकोनात जास्त ठेवायचे. दहा बिया द्याव्यात की वीस, हेही डेलावांड, जिने आणि मॅकेंझी या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ च्या त्यांच्या अभ्यासात तपासलं आहे.

त्या दिवशीचे शेतकरी, बापू, यांनी "योजना कुठली हाय?" हे आधी विचारून घेतलं. मग मृगात चार, आर्द्रात बारा, पुनर्वसूत चार ठेवले.

"दहा वर्षांत दुबार पेरणी किती वेळा करावी लागली?"

"दर दोन सालाला हायेच की."

सून दारात गहू निवडत होती. "मामा, इतक्यांदा न्हाई झाली," म्हणत तिने पेटीतून कृषी सेवा केंद्राच्या बिलांची पिशवी काढली. ओसरीवर आम्ही वर्षवार बिलं मांडली. एकाच हंगामात सोयाबीनच्या बियाण्याची दोन बिलं म्हणजे दुबार. घरचं बियाणं वापरलं तर बिल नसतं, म्हणून तेही विचारून घेतलं. तशी वर्षं निघाली दोनच.

बापूंनी एक बिल उचललं. "त्या साली म्हैस इकली. ते कुठं हाय ह्यात?"

आठवणीत सबंध काळ राहत नाही, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट राहतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला लावून दाखवलं. पण याला नुसती 'चूक' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बापू थांबतात ते विकलेल्या म्हशीच्या आठवणीमुळे. कधीकधी जास्तच थांबतात, मग उतारा घटतो.

समाधानाचा प्रश्न, शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर आज कुठे आहात हा, आधीच विचारून झाला होता. बरं झालं. बिलं पाहिल्यावर विचारला असता तर बापू नक्की खाली उतरले असते.

टॅबमध्ये दुबारसाठी रकाना एकच. कुठला आकडा भरू, असं मी सुनेलाच विचारलं.

"मामांचाच लिवा. पेरायचं तेच ठरवत्यात."

रकान्यात पाच भरले आणि शेऱ्यात दोन.