नान मडोल: आधी भरती-ओहोटी बघा, मग निघा

नान मडोल म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशिया देशात, पोनपे बेटाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात मानवनिर्मित बेटांवर उभं असलेलं जुनं दगडी शहर; बेटांच्या मधून कालवे जातात. पोनपे बेटावर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा मिळवणं. बोटीने किंवा कयाकने जायचं तर भरती हवी, कारण कालवे गाळाने भरलेत आणि ओहोटीला बोट रुतते. पायी जायचं तर बरोबर उलट. शेवटचा टप्पा पाण्यातून आहे: ओहोटीला घोट्या-गुडघ्यापर्यंत पाणी, भरतीला कमरेपर्यंत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त उतरते, पायी जाणाऱ्यांना ते दिवस सोयीचे.

पोनपेचं मुख्य गाव कोलोनिया, तिथून तेमवेन बेटापर्यंत गाडीने साधारण तासभर. पुढे खारफुटीतून पायवाट. वाट खाजगी जमिनींतून जाते आणि ठिकठिकाणी थोडे पैसे द्यावे लागतात. एक-पाच डॉलरच्या नोटा ठेवा, सुट्टे मिळत नाहीत. चपला नकोत. चिखलात अडकतात आणि प्रवाळाचे तुकडे तळवे कापतात. जुने नाडीचे बूट उत्तम. पाऊस बाराही महिने, त्यामुळे फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत.

वेळ कमी असेल तर बाकी सोडा, नानदौवास गाठा. राजांच्या दफनाची ही जागा, बांधकाम सुमारे 1180 ते 1200 मधलं. भिंतीचा कोपरा जवळून बघा. एक थर आडवा, त्यावरचा उभा, वखारीत ओंडके रचावेत तसे बेसॉल्टचे खांब. चुना नाही, गारा नाही. आत प्रवाळाच्या तुकड्यांची भर. कोपरे जहाजाच्या नाळेसारखे वर चढत जातात. खांबांच्या पाच-सहा बाजू कुणी घडवलेल्या नाहीत, लाव्हा थंड होताना दगड तसाच फुटतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर ओळख पटेल. भिंतींवर मात्र चढू नका: शेवाळ निसरडं आहे आणि दगड नुसते एकमेकांवर टेकलेत.

कयाक मिळाला तर इदेद हे बेटही बघता येईल. तिथे पवित्र वाम माशाला कासवाचा नैवेद्य दाखवत. अशी शंभराच्या आसपास मानवनिर्मित बेटं आहेत, पण बरीचशी खारफुटीने गिळलीत. 2016 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं, त्याच वेळी धोक्यातल्या यादीतही, ते याच गाळा-मुळांमुळे.

भारतीय पासपोर्टवर मायक्रोनेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अडचण वाटेत येते: विमान ग्वाम किंवा होनोलुलूमार्गे असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, नुसतं विमान बदलायचं असलं तरी. विमानं रोज नसतात, म्हणून दोन दिवस हाताशी जादा ठेवा.

पाणी पुरतं उतरायच्या तासभर आधी त्यात पाय घाला, चढायला लागलं की परता. अंधार पडल्यावर स्थानिक लोकही तिथे थांबत नाहीत.