फ्री केल्यावर पॉइंटरमध्ये काय उरतं?

आज सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला एका मुलीने विचारलं, "सर, फ्री केल्यावर पॉइंटर रिकामा होतो ना?" पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल, आणि फ्री म्हणजे घेतलेली जागा परत करणारं फंक्शन. प्रश्न इतका नेमका होता की ठरवलेला भाग बाजूला ठेवला.

मॅलॉक या फंक्शनने हीपवर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मागून घेता येणाऱ्या मेमरीत, जागा घेतली, पत्ता छापला, फ्री केलं, पुन्हा छापला. पत्ता तोच! फ्री फक्त जागा परत करतं, पॉइंटरला हात लावत नाही. भाडेकरू घर सोडून गेला तरी आपल्या वहीत पत्ता राहतो, तसं. तिथे आता काय सापडेल याची सी हमी देत नाही. कधी कचरा, कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी जुनीच किंमत दिसते. ही जुनी किंमत सगळ्यात घातक, कारण चाचणीत सगळं ठीक वाटतं.

"मग नल टाकला की झालं?" मागच्या बाकावरून आलं. नल म्हणजे 'कुठलाच पत्ता नाही' अशी खूण. त्या पॉइंटरपुरतं झालं. पण तोच पत्ता दुसऱ्या पॉइंटरमध्ये कॉपी केला असेल तर? पोरं लगेच चौकोन आणि बाण काढायला लागली. काय छान वाटलं ते बघून!

शेवटी -जी (ओळींची माहिती ठेवणारा पर्याय) देऊन कंपाइल केलं आणि व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवलं. चुकीचं वाचन कुठल्या ओळीवर, फ्री कुठल्या ओळीवर, दोन्ही दिसलं. हे साधन पहिल्याच सत्रात शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

उद्या लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा पत्ता असलेली साखळी, मोकळी करायची आहे. नोड फ्री करण्याआधी पुढचा पत्ता का जपायचा, हे आता तेच मला सांगतील.