सॅक्सच्या त्या तुकड्यापाशी अडकलो

सकाळपासून पाऊस कोसळतोय, सुट्टी होती म्हणून कपाट आवरायला काढलं आणि हेडफोनवर अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनचं १९६७चं 'रिस्पेक्ट' लावलं, शंभरदा ऐकलं असेल, पण आज मधला सॅक्सोफोन आला आणि हातातली घडी हातातच राहिली. काही सेकंदांचाच तुकडा आहे, मागे नेऊन नेऊन ऐकला. गायक ओटिस रेडिंगच्या मूळ गाण्यात तो नाहीच! इथे दुसऱ्याच एका गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आणून बसवलेत, त्यामुळे गाणं क्षणभर भलत्याच सुरात जातं आणि अरेथा परत येते तेव्हा अंगावर काटाच येतो.

वाजवणारा किंग कर्टिस. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा पोरगा, न्यूयॉर्कला येऊन स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवत राहिला. १९५८ला कोस्टर्स या गाणाऱ्या ग्रुपच्या 'याकेटी याक'मध्ये कोंबडीने टपाटप दाणे टिपावेत तसा तुटक तुटक सॅक्स आहे ना, तो याचाच. पुढे स्वतःचा बँड किंगपिन्स काढला, अरेथाचा म्युझिक डायरेक्टर झाला. मार्च १९७१ला सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर वेस्ट या हॉलमध्ये तिच्यामागे हाच बँड होता.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बिल्डिंगच्या पायऱ्यांवर बाचाबाची झाली, एकाने कर्टिसला भोसकलं, त्यातच तो गेला. ३७ वर्षांचा होता हो फक्त. अंत्यविधीला अरेथा गायली.

मगाशी भाचा आला, म्हणाला मामा, रडतोयस का? काही न बोलता एक हेडफोन त्याच्या कानाला लावला. कपाट तसंच उघडं पडलंय.